पिंजाऱ्याची पावलं

काळाचौकीच्या मिलमध्ये पिंजाऱ्या राहतो, हे तात्या मेस्त्रींनी पहिल्यांदा ऐकलं ते कामाला लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी. तेव्हा मिल धडधडत होती. कापूस पिंजायच्या ब्लो-रूममधला एक म्हातारा जॉबर, म्हणजे मुकादम, त्यांना बाजूला घेऊन म्हणाला होता, "नवीन हायस म्हणून सांगतो. कापसाच्या गोदामात एकटा जाऊ नको. गेलास तर शिटी घालू नको."

पिंजाऱ्या म्हणे मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या कापसाच्या गाठीतून आला. बंदरावर गाठ उतरली, बैलगाडीतून मिलमध्ये आली, फोडली आणि आतून काहीतरी पळालं. माणसाच्या कमरेइतकं उंच, दोन पायांवर उभं राहणारं, अंगावर पिंजलेल्या कापसासारखी पांढरी लव. उंदरांवर जगायचं. कुणाला चावलं नाही, कुणाला धरलं नाही. नुसतं बघायचं आणि निघून जायचं. गोदामाच्या फरशीवर साचलेल्या रुईच्या धुळीत त्याची तीन बोटांची पावलं पाहिल्याचं सांगणारी पन्नास माणसं तरी तात्यांना भेटली. त्यांनी स्वतः काही पाहिलं नाही. ते सुतारखात्यात पॅटर्नमेकर होते. मोडलेल्या यंत्राचा भाग ओतून घ्यायचा असला की आधी त्याचा लाकडी नमुना करावा लागे, तो ते करायचे. लाकडातून दात्याचं चाक काढताना माणसाला पिंजाऱ्याबिंजाऱ्यासाठी वेळ नसतो.

पुढे मिल बंद पडली. जमिनीचं भांडण कोर्टात गेलं आणि तिथेच राहिलं. वीस-बावीस वर्षांत आत रान माजलं. छपरं कोसळली, त्यातून उंबर आणि पिंपळ वर आले, सुबाभूळ पसरली, घाणेरीची जाळी झाली. मिलचं जुनं तळं शेवाळाने हिरवंगार झालं. चाळीच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पाहिलं तर मुंबईच्या मधोमध कुणी कोकणाचा एक तुकडा आणून ठेवलाय असं वाटायचं. पोरं भिंतीजवळ क्रिकेट खेळायची, पण चेंडू आत गेला की आणायला जायची नाहीत. पिंजाऱ्या अजून तिथे होताच.

तात्यांचा मुलगा अवधूत फोर्टमधल्या एका ट्रॅव्हल कंपनीत होता. लॉकडाऊनमध्ये कंपनी बुडाली. त्याच वर्षी ठरलेलं लग्न मोडलं. मुलीकडच्यांनी फोनवर दोन वाक्यांत कळवलं. अवधूत तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. तो भिंतीकडे तोंड करून निजला तो जवळजवळ वर्षभर उठलाच नाही. म्हणजे जेवायला उठायचा, आंघोळ करायचा, पण त्याच्यात काही उरलंच नव्हतं. लक्ष्मीने, त्याच्या आईने, देव केले, डॉक्टर केला. तात्यांनी त्याच्याशी बोलायचे प्रयत्न केले. दहा बाय बाराच्या खोलीत एक माणूस न बोलता वर्षभर पडून राहिला की बाकीचेही हळूहळू बोलायचे थांबतात. तसंच झालं.

आणि एका दुपारी अवधूत गॅलरीतून धावत आत आला.

"तात्या, मी पिंजाऱ्या पाहिला."

लक्ष्मीच्या हातातली पळी आमटीत पडली.

"विणखात्याची तुळई पडलीय ना, तिच्यावर उभा होता. पांढरा. माझ्याकडे बघितलं त्याने. असं मान वाकडी करून. मग उंबरामागे गेला." त्याला धाप लागली होती. डोळे चमकत होते. वर्षभरात एवढी वाक्यं एका दमात तो पहिल्यांदाच बोलत होता.

तात्यांनी खरं-खोटं काहीच विचारलं नाही. ते म्हणाले, "केवढा होता?"

"कमरेएवढा."

"मग तोच," तात्या म्हणाले.

तेव्हापासून अवधूत माणसात आला. मिलचा वॉचमन रामजी तात्यांच्या जुन्या ओळखीचा होता. त्याने रविवारी सकाळी आत जायला परवानगी दिली. अवधूतने नोंदींची वही सुरू केली, नकाशा काढला, फेसबुकवर लिहिलं. त्याला दोन साथीदार मिळाले. एक राजेश, चाळीखालीच मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला. दुसरी मेघना, दादरच्या शाळेत जीवशास्त्र शिकवणारी. ती पहिल्याच दिवशी स्पष्ट म्हणाली, "मला पिंजाऱ्यावर विश्वास नाही. पण पंधरा एकरांचं रान वीस वर्षं कुणी नोंदलेलं नाही, आणि तू प्रामाणिकपणे नोंदतोयस. म्हणून मी येणार."

दोन वर्षं ते दर रविवारी सहा वाजता भिंतीतल्या छोट्या दारातून आत शिरायचे आणि दहाला बाहेर यायचे. राजेशने जुन्या मोबाईलचे कॅमेरे झाडांना बांधले. त्यात मुंगूस आले, घुबड आलं, रानमांजर आलं, एकदा रामजी लुंगी सावरताना आला. पिंजाऱ्या आला नाही. मेघना मात्र खूश होती. तिने एकोणसाठ जातींचे पक्षी मोजले होते. घरी येऊन ती लक्ष्मीच्या हातच्या घावन-चटणीवर ताव मारायची आणि अवधूतशी वहीत डोकं घालून वाद घालायची. लक्ष्मी ते बघून तात्यांना डोळ्यांनी खुणवायची. तात्या पेपर वर करायचे, पण पेपरामागे तेही हसायचे.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर सगळं ढिलं पडू लागलं. राजेशला दुकान सुटेना. मेघनाला शाळेतून रविवारी कामं लागू लागली. अवधूत दोन रविवार एकटा गेला. तिसऱ्या रविवारी गेला नाही. चौथ्या रविवारी सकाळी दहापर्यंत तो भिंतीकडे तोंड करून निजलेला होता.

तात्या चहाचा कप हातात धरून त्याच्या पाठीकडे बघत राहिले. चहा गार झाला. त्यांना सत्तर वर्षांत एवढी भीती कधी वाटली नव्हती. संपात चूल विझली होती तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी लक्ष्मी भजनाला गेली तेव्हा ते हत्यारांची पेटी घेऊन गच्चीवर गेले. चाळीच्या जुन्या खिडकीची सागवानी चौकट पडून होती, तिचा तुकडा कापला. पटाशी, कानस, पॉलिश पेपर. तीन दुपारी लागल्या. डावं पाऊल, उजवं पाऊल. तीन लांब बोटं, मधलं जरा पुढे, टाच अरुंद, कडा गोल मारलेल्या. वीस वर्षांनी ते पॅटर्न करत होते आणि काम सुरेख झालं होतं. मिलमध्ये असते तर नमुन्यावर लाखेचे दोन हात दिले असते, म्हणजे लाकूड पाण्याने फुलत नाही. पण लाख घरात नव्हती आणि त्यांना घाई होती.

गुरुवारी भर दुपारी रामजी जेवायला गेला असताना ते आत गेले, अवधूतच्या नकाशावर पाहून ठेवलेली कॅमेऱ्यांची झाडं टाळली आणि तळ्याकाठच्या चिखलात सात पावलं उमटवून आले. परत येताना स्वतःच्या चपलांचे ठसे हाताने पुसले. वाकलेल्या कमरेला कळ लागली होती, पण त्यांना हलकं वाटत होतं.

शनिवारी रात्री जेवताना ते सहज म्हणाले, "रामजी सांगत होता, तळ्याकडे काहीतरी आलं होतं म्हणून."

रविवारी नऊ वाजता अवधूत चिखलाने माखून घरात शिरला आणि त्याने सत्तर वर्षांच्या बापाला कवेत घेऊन उचललं. "सापडली तात्या! पावलं सापडली!" लक्ष्मी ओरडत होती की अरे, पडतील ते, खाली ठेव. तात्या हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. खाली ठेवल्यावर त्यांनी लक्ष्मीकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ती त्यांच्या धोतराच्या काठाला चिकटलेली लाकडाची एक बारीक ढलपी बघत होती.

संध्याकाळी अवधूत खाली गेल्यावर ती म्हणाली, "माका सगळा म्हायत आसा. गच्चीर काय चाललला ता."

"मग?"

"मग काय. त्येका सांगून टाका. आजच."

"थोडे दिवस जाऊ देत," तात्या म्हणाले. "जरा सावरू दे त्याला."

दिवस गेले आणि सांगणं अवघड होत गेलं. राजेश परत आला. मेघना परत आली. लालबागच्या एका गणपतीच्या कारखान्यातून अवधूतने प्लॅस्टर आणलं आणि पावलांचे साचे काढले. पुढच्या तीन महिन्यांत तात्यांना आणखी चार वेळा आत जावं लागलं, कारण दोन आठवडे काही सापडलं नाही की अवधूतचा चेहरा उतरायचा. एका मराठी पेपरात बातमी आली. अवधूतला एका निसर्ग संस्थेने नोकरीबद्दल विचारलं. मेघनाने साच्यांचे फोटो सस्तन प्राण्यांचे अभ्यासक असलेल्या प्राध्यापक रघुवीर सबनीसांना पाठवले. निवृत्त गृहस्थ. त्यांनी कळवलं, की फोटोवरून काही बोलत नाही, प्रत्यक्ष बघतो.

एका रविवारी अकरा वाजता चाळीच्या मंडळाच्या हॉलमध्ये सगळे जमले. चाळीतली माणसं होती, मेघनाच्या शाळेची पंधरा-वीस मुलं होती, राजेश मोबाईलवर व्हिडिओ घेत होता. टेबलावर एकोणीस साचे मांडले होते. तात्या मागच्या भिंतीशी उभे होते. आदल्या रात्री त्यांना झोप लागली नव्हती. त्यांनी स्वतःला समजावलं होतं, की हे प्राध्यापक फार तर म्हणतील, कळत नाही.

सबनीस सर बारीक चणीचे, हळू बोलणारे होते. त्यांनी भिंगातून एकेक साचा पाहिला. त्याला अर्धा तास लागला. मग त्यांनी अवधूतला जवळ बोलावलं आणि ते हळूच म्हणाले, "आपण बाहेर जाऊन बोलू या का?"

"इथेच बोला ना सर," अवधूत म्हणाला. "सगळे त्यासाठीच आलेत."

सरांनी एक क्षण मेघनाकडे पाहिलं. "चिखल कुठे घट्ट, कुठे पातळ, पण बोटं सगळीकडे तेवढीच पसरलेली. जिवंत पाऊल असं पडत नाही. आणि हे बघा, टाचेपाशी. या बारीक रेषा. लाकूड भिजून फुललंय, त्याची शीर उमटलीय. हे कुणीतरी कोरलेलं आहे. काम अतिशय चांगलं आहे, पण कोरलेलं आहे."

त्यांनी भिंग अवधूतच्या हातात दिलं. अवधूत वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग त्याने भिंग बाजूला ठेवलं आणि साच्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, सावकाश, टाचेपासून बोटांपर्यंत. तात्यांनी ते पाहिलं. लहानपणी त्यांनी करून दिलेल्या लाकडी लॉरीवरून हा असाच अंगठा फिरवायचा.

अवधूतने मान वर केली आणि सरळ मागच्या भिंतीकडे, तात्यांकडे पाहिलं. एकदाच. मग तो सगळ्यांकडे वळला.

"मीच केलंय," तो म्हणाला.

तात्यांना बोलायचं होतं. हे पुढे त्यांनी स्वतःला हजार वेळा सांगितलं. तोंड उघडलं होतं. पण समोर पोरं होती, चाळीस वर्षं शेजारी राहिलेली माणसं होती. आता बोलतो, आता बोलतो, असं म्हणेपर्यंत गलका सुरू झाला. कुणीतरी म्हणालं, "सुताराचं पोरगं ना, हातात कला आहेच." हशा पिकला. एका मुलीने मेघनाला विचारलं, "टीचर, म्हणजे दादा खोटं बोलला?" मेघनाचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती अवधूतसमोर जाऊन उभी राहिली. "तीन वर्षं," ती म्हणाली. "बाकी काही नसेल पण तू प्रामाणिक आहेस, असं मी सगळ्यांना सांगत आले." ती मुलांना घेऊन निघून गेली. तो क्षणही गेला, आणि तात्या भिंतीशी उभेच होते.

राजेशचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचला. आठवडाभर लोक दुकानापाशी थांबून वर बघायचे. निसर्ग संस्थेचा फोन आला नाही.

अवधूत निजून राहिला नाही. तो वेळेवर उठायचा, जेवायचा, ताट धुवायचा. लक्ष्मी नवऱ्याशी बोलत नव्हती. नवव्या दिवशी दुपारी तात्या गच्चीवर गेले, तिथे अवधूत वाळत घातलेले कपडे काढत होता.

"कधी कळलं तुला?" तात्यांनी विचारलं.

"सरांनी भिंग दिलं तेव्हा. कड बघितली. अशी कड तुमच्याशिवाय कोण मारतं?"

"मग माझं नाव का नाही घेतलंस?"

अवधूत चादरीची घडी घालत राहिला. "काय सांगणार होतो तात्या? पोरगा परत आजारी पडू नये म्हणून बापाने चिखलात वाकून पावलं काढली, हे सांगू? त्या पोरांसमोर? ते तुम्हाला हसले असते. मला हसले तर काय."

"मी जातो. एकेकाच्या घरी जाऊन सांगतो."

"सांगा." त्याने घडी ढिगावर ठेवली. "मला तुमचा राग नाही आला. खरंच. पण एक सांगू? त्या दिवशी मी जे पाहिलं होतं ना, तुळईवर, ते मला रोज दिसायचं. अगदी लख्ख. कितीही वाईट दिवस असला तरी डोळे मिटले की ते होतं. आता डोळे मिटले की तुमची पटाशी दिसते. मला आता वाटतं, तेव्हाही मी काही पाहिलं नव्हतं. कुणाची तरी पांढरी पिशवी असेल, झाडाला अडकलेली."

"नाही रे," तात्या म्हणाले. "तू पाहिलंस. मला माहितीये, तू पाहिलंस."

"ते तुम्ही मला सांगू नका," अवधूत म्हणाला. आवाज चढला नव्हता. कपड्यांचा ढीग उचलून तो खाली गेला.

महिन्याभरात त्याने दापोलीजवळच्या एका आंबा पॅकिंगच्या कारखान्यात काम धरलं आणि तो गेला.

तात्या मेघनाच्या शाळेत गेले. मधल्या सुट्टीत ती त्यांना पायरीवर घेऊन बसली. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, सागवानाची चौकट, चपलांचे पुसलेले ठसे, सगळं. ऐकताना तिने एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"मी त्याला नंतर फोनवर काय काय बोलले, माहितीये तुम्हाला?" ती म्हणाली. "त्याने ऐकून घेतलं. एक शब्द बोलला नाही."

"तू त्याला फोन कर, बाय. तुझं ऐकेल तो."

"त्याने नंबर बदललाय. मला दिला नाही." सुट्टी संपल्याची घंटा झाली. ती उठली. "मी सगळं खरं लिहीन तात्या. पण तो व्हिडिओ ज्यांनी पाहिला, त्यातलं कोण माझं लिहिलेलं वाचणार?"

तिने लिहिलं. राजेशनेही तात्यांचा व्हिडिओ काढला, त्यात ते हात जोडून सगळं सांगतात. तो शे-दीडशे माणसांनी पाहिला. तात्यांनी नवा नंबर मेघनाला देऊ का, असं अवधूतला विचारलं. तो म्हणाला, "नको."

उन्हाळ्यात कोर्टाचा निकाल लागला आणि मिलच्या रानात खोदाईचं मशीन शिरलं. तात्या रोज सकाळी भिंतीतल्या दारापाशी जाऊन उभे राहू लागले. उंबर पडला. सुबाभूळ गेली. विणखात्याची तुळई दोराने ओढून बाहेर काढली. चाळीतली माणसं गॅलरीत उभी राहून बघत होती, पोरं बोटं दाखवत होती, आता निघेल, आता निघेल. तात्या तर देवाला हात जोडून विनवत होते. निघू दे. एकदाच निघू दे, पांढरं, कमरेएवढं, सगळ्यांसमोर. मी अवधूतला आत्ता फोन लावतो.

चार दिवस मशीन चाललं. पाचव्या दिवशी तळं बुजवलं. रामजी डोक्याला फडकं बांधून बाहेर आला.

"कुछ नहीं निकला, तात्या," तो म्हणाला. "दोन मुंगूस, एक धामण. बास. घर जाओ, धूप है."

तात्या तरीही तिथे उभे राहिले. समोर लाल मातीचं सपाट मैदान होतं आणि पलीकडे कॉटन ग्रीनची गोदामं थेट दिसत होती. एवढ्या वर्षांत ती या बाजूने कधी दिसली नव्हती.

अवधूत आठवड्यातून एकदा फोन करतो. आईशी बोलून झालं की तात्यांशी बोलतो. गुडघे कसे आहेत, गोळ्या घेता ना, पाणी वेळेवर येतं का. मिल पाडल्याचं तात्यांनी त्याला सांगितलं, तेव्हा तो "हो, वाचलं" एवढंच म्हणाला. मेघनाचं नाव दोघंही काढत नाहीत.

मागच्या वेळी बोलणं संपत आलं असताना तात्यांनी विचारलं, "तिकडे रान आहे का रे जवळ?"

"आहे ना. कारखान्याच्या मागेच. मोठं आहे."

"जातोस कधी?"

पलीकडे कुठेतरी पेट्यांना खिळे मारल्याचा आवाज येत होता.

"नाही," अवधूत म्हणाला. "आईला द्या जरा, एक सांगायचं राहिलं."

तात्यांनी फोन लक्ष्मीच्या हातात दिला आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले.